पिस्तुलाचा परवाना आणि शेजाऱ्याचा प्रश्न

गेल्या नाताळात टेक्सासहून सुटीवर आलेला आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आम्हाला भेटावयास आला. लहानपणी वेदीसेवक म्हणून आमच्या हाताखाली वाढलेला, आज तिकडे संगणक अभियंता. बोलता बोलता म्हणाला, “फादर, तिकडे आता परवाना-बिरवाना काही लागत नाही. एकवीस वर्षे पुरी झाली की पिस्तूल कमरेला लावायचे नि निघायचे. मिस्सालासुद्धा माणसे घेऊन येतात. आपल्याकडेही असेच पाहिजे.” शेजारी बसलेल्या दोघातिघांनी माना डोलावल्या. त्या माना डोलल्या नसत्या तर हा लेख आम्ही लिहिला नसता.

मुलाचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे हे परदेशात फार महागात पडते. ‘अमेरिकेचा कायदा’ अशी या विषयात एक वस्तूच नाही. पन्नास राज्ये, पन्नास कायदे. व्हरमाँट राज्याने शस्त्र लपवून बाळगण्यासाठी परवाना कधी मागितलाच नाही. अलास्काने २००३ साली व ॲरिझोनाने २०१० साली ती अट काढली. मग रांगच लागली. टेक्सासने १ सप्टेंबर २०२१ पासून, फ्लोरिडाने जुलै २०२३ पासून आणि लुईझियानाने जुलै २०२४ पासून परवान्याची सक्ती सोडली. आज निम्म्याहून अधिक राज्यांत ही स्थिती आहे. उलट न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स येथे विनापरवाना खिशात पिस्तूल सापडले तर तुरुंगवास होऊ शकतो. एका राज्याचा परवाना दुसरे राज्य मानीलच असेही नाही. २०१३ साली फिलाडेल्फियाची एक आई, दोन लहान मुलांची, आपल्या पेनसिल्व्हेनिया राज्याचा रीतसर परवाना घेऊन नदीपलीकडे न्यू जर्सीत गेली. पोलिसाने गाडी थांबवली तेव्हा पिस्तूल असल्याचे तिने स्वतःच सांगितले. तिला अटक झाली आणि काही वर्षांच्या सक्तमजुरीची टांगती तलवार तिच्या डोक्यावर राहिली. अखेर २०१५ साली गव्हर्नरांनी तिला माफी दिली तेव्हा कोठे ती सुटली. पूल ओलांडला एवढाच तिचा अपराध!

आणि आमच्या अभियंत्याला ठाऊक नसलेली गोष्ट तर पुढेच आहे. नोकरीच्या वा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याने अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. राज्य टेक्सास असो की व्हरमाँट, त्याने फरक पडत नाही. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत होऊ शकते. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे थोडे अपवाद आहेत, ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही आडकाठी राहत नाही. पण आमच्या गावातून एच-वन व्हिसावर गेलेली जी मुले आहेत त्यांनी ‘इथे काही लागत नाही’ या भरवशावर मित्राचे पिस्तूल हौसेने हाती घेण्यापूर्वी वकिलाला विचारावे. आईबापांनी हे वाक्य फोनवरून वाचून दाखविले तरी चालेल.

परंतु आमचे भांडण अज्ञानाशी नाही, त्या डोलणाऱ्या मानांशी आहे. परवाना ही कटकट आहे, ती गेली म्हणजे स्वातंत्र्य आले, ही जी समजूत आहे तिच्याशी आहे. परवाना म्हणजे काय? जे शस्त्र तू माझ्या मुलांच्या शाळेजवळून, बाजारातून, माझ्या शेजारच्या बाकावरून नेणार आहेस, त्याविषयी तुला एक प्रश्न विचारण्याचा समाजाचा अधिकार. ‘का?’ निदान एवढे तरी, की ‘तुला हे चालविता येते का?’

न्यू यॉर्क राज्याने १९११ साली परवान्याचा कायदा केला. त्यात पुढे ‘योग्य कारण’ दाखविण्याची अट आली. जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती अट घटनाबाह्य ठरविली. सामान्य नागरिकाने शस्त्र बाळगण्यासाठी खास गरज सिद्ध करण्याचे कारण नाही, आणि शस्त्रांवरील कोणतेही बंधन देशाच्या जुन्या परंपरेत बसत असेल तरच टिकेल, असा तो निकाल. त्या सहांपैकी पाच न्यायमूर्ती कॅथलिक आहेत. हे सांगताना आम्हाला अभिमान वाटत नाही. परंपरेचा मान आम्हाला कोणी शिकवू नये. दोन हजार वर्षांची परंपरा आम्ही रोज वेदीवर हाती घेतो. पण परंपरा म्हणजे अठराव्या शतकातील कायद्यांची वही उघडून आजच्या मुलांचे संरक्षण त्यात सापडते का हे पाहणे नव्हे.

गंमत अशी की हाच प्रश्न ख्रिस्तसभेने आपल्या धर्मगुरूंनाही विचारला होता. १९१७ च्या धर्मनियमसंहितेतील १३८ वा नियम धर्मगुरूंना शस्त्र बाळगण्यास मनाई करीत असे, मात्र भीतीला न्याय्य कारण असेल तर सोडून. सेमिनरीत हा नियम प्रथम वाचला तेव्हा आम्ही विद्यार्थी हसलो होतो. पिस्तूलधारी फादर डोळ्यांसमोर येईना. आता वाटते, न्यू यॉर्कने जे मागितले तेच रोमने मागितले होते. कारण सांग.

यावर आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही, की कारण तपासणारा साहेब शेवटी ओळखीच्या माणसालाच परवाना देतो. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा कारण विचारतो, पण कोणाच्या घरात परवान्याची बंदूक भिंतीवर टांगलेली असते हे सर्वांना माहीत आहे. न्यू यॉर्कमध्येही धनिकांना परवाना सुलभ आणि गरिबाला दुर्लभ, ही तक्रार जुनी होती. मग साहेब सुधारा, नियम स्पष्ट करा. परीक्षक पैसे खातो म्हणून परीक्षाच रद्द करावयाची, हा न्याय आम्हाला कळत नाही.

आता त्यांच्या बाजूचा सर्वांत बळकट दाखला. २९ डिसेंबर २०१९ रोजी टेक्सासमधील व्हाइट सेटलमेंट गावी चर्चमध्ये उपासना चालू असता एकाने बंदूक काढून दोघांना ठार केले. सहा सेकंदांच्या आत मंडळीतल्याच एका सुरक्षा-स्वयंसेवकाने त्याला गोळी घालून पाडले. तो नसता तर किती प्रेते पडली असती? आम्ही हे नाकारीत नाही. दुसऱ्यांच्या जीविताची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला संरक्षण हे कर्तव्यही ठरू शकते, असे ख्रिस्तसभेची शिकवणच सांगते. पण तो माणूस कोण होता? नेमबाजी शिकविणारा प्रशिक्षक, पूर्वी पोलीस दलात राखीव म्हणून काम केलेला. त्या सहा सेकंदांमागे कित्येक वर्षांचा सराव होता. आणि त्यानंतर दोनच वर्षांत टेक्सासने काय केले? परवान्यासाठी जे काही तासांचे शिक्षण व नेमबाजीची चाचणी लागत असे, तीच ऐच्छिक करून टाकली. ज्याच्या नावाने टाळ्या पिटल्या, त्याची विद्याच अनावश्यक ठरविली!

दुसऱ्या बाजूनेही प्रामाणिक राहिले पाहिजे. २७ ऑगस्ट २०२५ रोजी मिनियापोलिस येथील कॅथलिक शाळेच्या मिस्सात खिडक्यांतून गोळ्या आल्या आणि आठ व दहा वर्षांची दोन बालके दगावली. मिनेसोटात पिस्तूल बाळगावयास परवाना लागतो. शस्त्रे रीतसर खरेदी केलेली होती. परवाना सर्व पापांवरचा उतारा नाही. शिवाय २०२३ साली त्या देशात बंदुकीने सुमारे ४७ हजार माणसे मेली, त्यांतील २७ हजारांहून अधिक आत्महत्या होत्या. घरातल्या कपाटात असलेले ते शस्त्र चोरावर नव्हे, घरातल्याच दुःखी माणसावर उलटले.

‘प्रभूनेच शिष्यांना तलवार घ्यावयास सांगितले नव्हते का?’ असे त्या तरुणाने जाता जाता विचारले. लूकच्या शुभवर्तमानात तसे आहे खरे. पण त्याच रात्रीचा पुढचा प्रसंग त्याने वाचलेला दिसत नाही. पेत्राने तलवार उपसली. बिचारा कोळी, जाळे टाकणारा हात. वार पडला तो एका नोकराच्या कानावर. प्रभूने तो कान बरा केला आणि तलवार म्यानात घालावयास लावली.

२०१६ च्या जानेवारीत टेक्सासमध्ये पिस्तूल उघडपणे मिरविण्याची मुभा झाली तेव्हा डॅलसचे बिशप केव्हिन फॅरेल यांनी तिच्यावर जाहीर टीका केली आणि धर्मप्रांताच्या वास्तूंत शस्त्रांना बंदी केली. पुढे कार्डिनल झालेले हेच ते फॅरेल, ज्यांनी एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या निधनाची वार्ता जगाला दिली. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे चर्चला शस्त्र नको असेल तर तसे बजावावे लागते. फलक लावावयाचा तर मजकूर कायद्याने ठरलेला, इंग्रजी व स्पॅनिश दोन्ही भाषांत, अक्षरे निदान एक इंच उंचीची. प्रभूच्या घराला ‘इथे पिस्तूल आणू नका’ हे एक इंची अक्षरांत लिहून सांगावे लागते, आणि आमच्या मुलाला हे आपल्याकडेही असावे असे वाटते.

या लेखाची एक प्रत आम्ही त्याला डॅलसच्या पत्त्यावर पाठवीत आहोत. त्याचे उत्तर आले तर संपादकांनी ते काटछाट न करता छापावे, ही विनंती.