खोडलेल्या नोंदीचीही नोंद

दिवाळीत चोपडापूजनाच्या वेळी कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढून व्यापारी कुटुंब नव्या वर्षाचा हिशेब आरंभते. रोजमेळ आणि खतावणी आता बहुधा संगणकात असतात. चुकीची नोंद खोडून टाकू नये, उलट नोंद घालून ती दुरुस्त करावी, हा वहीचा जुना संकेत मात्र संगणकात शिरताना मागे राहिला. एक कळ दाबली की नोंद नाहीशी होई आणि ती होती याचा पुरावाही उरत नसे.

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांपुरता हा प्रकार थांबला आहे. कंपनी (लेखे) नियम, २०१४ मधील दुरुस्तीनुसार, हिशेबासाठी वापरावयाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराचा माग राहिला पाहिजे, प्रत्येक बदल तारखेसह नोंदला गेला पाहिजे आणि ही सोय बंद करता येता कामा नये. हाच 'ऑडिट ट्रेल'. सूचीबाहेरील कंपनीस 'इंड एएस' ही लेखामानके सामान्यतः निव्वळ मूल्य २५० कोटी रुपयांवर गेल्यावर लागू होतात. त्यामुळे 'मोठ्यांचे नियम मोठ्यांना' अशी समजूत अनेक घरांत रुजली आहे. ऑडिट ट्रेलला मात्र अशी मर्यादा नाही. भागीदारी पेढी किंवा एकल मालकीचे दुकान त्याच्या कक्षेत येत नाही. परंतु पेढीची प्रायव्हेट लिमिटेड झाली असेल, तर ती कितीही लहान असो, नियम बंधनकारक आहे.

ही सोय वर्षभर चालू होती काय, तीत फेरफार झाला काय आणि ती जपून ठेवली आहे काय, हे लेखापरीक्षकास आपल्या अहवालात लिहावे लागते. हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपावयाची असतात. हा मागही त्यांच्यासोबतच जपावा लागतो. कर्ज देणारी बँक तो अहवाल वाचते. मार्चअखेरीस बसून मागील तारखांच्या नोंदी 'जुळवून' घेण्याची सवय असलेल्या कार्यालयास यापुढे प्रत्येक जुळवणीचे कारण देता आले पाहिजे.

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत 'कूटलेखक्रिया' म्हणजे खोटे लेख करणे आहे आणि 'न्यासापहार' म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव गिळंकृत करणेही आहे. हे दोन दोष शेजारी यावेत, यात व्यवहाराचे मोठे भान आहे. कौटुंबिक कंपनीत सर्वच भागधारक गादीवर बसत नाहीत. परगावी स्थायिक झालेला भाऊ, सासरी गेलेली बहीण, पतीच्या पश्चात भाग सांभाळणारी वहिनी यांच्या हाती हिशेबाच्या पुस्तकांवाचून दुसरा आधार नसतो. वाटणीच्या वेळी वाद उद्भवतो तो बहुधा रकमेवरून नव्हे, तर नोंद नंतर बदलली असावी या संशयावरून. बदलांचा अखंड माग हा संशय दूर करतो. प्रामाणिकपणे हिशेब ठेवणाऱ्याचेही तो तितकेच रक्षण करतो.

यासाठी काही गोष्टी घरातूनच व्हाव्यात. सॉफ्टवेअरमधील ही सोय खरोखर चालू आहे की नाही, हे मुनिमावर न सोडता संचालकाने स्वतः पाहावे. एकाच पासवर्डवर सारे कार्यालय काम करीत असेल, तर बदल कोणी केला हे कळणार नाही; म्हणून प्रत्येकास स्वतंत्र प्रवेश द्यावा. दुरुस्ती करताना तपशिलाच्या रकान्यात कारण लिहावे. संगणकीय हिशेबाची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज जतन झाली पाहिजे, हेही नियमातच आहे. आणि नवे नियम बहुधा १ एप्रिलपासून लागू होत असल्याने सनदी लेखापालांची भेट सप्टेंबरात नव्हे, मार्चपूर्वीच घ्यावी.

सॉफ्टवेअर नोंद कोणी आणि केव्हा बदलली एवढेच सांगेल. ती का बदलली, याचे उत्तर मात्र कुटुंबालाच द्यावे लागेल.