खाणी मिटतात, रस्ते उरतात

कोळशाची खाण सुरू होते तेव्हा तिच्या अखेरीचा विचार सहसा कोणी करीत नाही. ती बंद पडते तेव्हा मात्र एकाएकी सर्वांनाच प्रश्न पडतो, की आता या प्रदेशाचे काय? ब्रिटनमधील अखेरची खोल कोळसाखाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. जर्मनीतील दगडी कोळशाच्या अखेरच्या खाणीला डिसेंबर २०१८ मध्ये टाळे लागले. बेल्जियमच्या ईशान्येकडील लिम्बुर्ख प्रांताने मात्र हा टप्पा फार पूर्वीच गाठला. तेथील झोल्डरची खाण ३० सप्टेंबर १९९२ रोजी थांबली आणि त्या प्रांतातील कोळशाचे युग संपले. म्हणूनच खाणींनंतरच्या तीन दशकांचा जमाखर्च मांडण्यास तो प्रांत विशेष सोयीचा आहे. या जमाखर्चात डोळ्यांत भरणारी बाब एखाद्या अवाढव्य कारखान्याची नाही. ती आहे शेतांतून, पाइनच्या बनांतून आणि कालव्यांच्या काठांनी जाणाऱ्या, सायकलस्वारांसाठी क्रमांकित केलेल्या शांत रस्त्यांची. या रस्त्यांनी लिम्बुर्खला नवी ओळख दिली, हे निर्विवाद. त्यांनी खाणींची जागा घेतली काय, हा मात्र निराळा प्रश्न आहे, आणि या दोहोंची गल्लत करणे धोक्याचे ठरेल.

कोळशाचा उदयास्त

आंद्रे द्यूमाँ या भूगर्भशास्त्रज्ञाच्या प्रयत्नांनी १९०१ मध्ये आस या गावी कोळशाचा थर सापडला, तोवर हा सारा मुलूख रेताड माळरानाचा आणि गरीब शेतीचा होता. १९१७ मध्ये विंटर्स्लाख येथे उत्पादन सुरू झाले आणि पुढे एकूण सात खाणी उभ्या राहिल्या. खाणीतील बोगद्यांना आधार देण्यासाठी लाकडाचे खांब लागत, म्हणून माळरानावर पाइनची लागवड झाली. कोळसा वाहून नेण्यासाठी लोहमार्ग आले, कालवे आले. मजुरांसाठी आखीवरेखीव वसाहती उभ्या राहिल्या. मनुष्यबळ अपुरे पडू लागताच बेल्जियमने १९४६ मध्ये इटलीशी आणि १९६४ मध्ये तुर्कस्तान व मोरोक्को यांच्याशी मजूर आणण्याचे करार केले. भरभराटीच्या काळात या खाणींवर चाळीस हजारांच्या आसपास माणसे राबत होती.

पुढे स्वस्त खनिज तेल आणि परदेशी कोळसा यांच्यापुढे या खोल खाणींचा टिकाव लागेना. १९६६ मध्ये झ्वार्टबेर्ख खाण बंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध मजूर रस्त्यावर आले, तेव्हाच्या संघर्षात दोन कामगारांचे प्राण गेले. त्यानंतरची दोन दशके सरकारने अनुदानाच्या बळावर खाणी चालविल्या. अखेरीस १९८६ मध्ये थील खेसलिंक यांच्याकडे कारभार सोपवून, सुमारे १०० अब्ज बेल्जियन फ्रँकची तरतूद करून त्या बंद करण्याचे ठरले. याच रकमेतील उरलेल्या पैशांतून १९९४ मध्ये प्रांताच्या पुनर्रचनेसाठी एक सार्वजनिक गुंतवणूक संस्था स्थापन झाली. खाण बंद करण्यासाठी जितका पैसा लागतो, तितकाच त्यानंतरच्या प्रदेशासाठीही राखून ठेवावा लागतो, हे तत्त्व तेथे निदान अंशतः तरी मान्य झाले, ही गोष्ट लक्षणीय म्हटली पाहिजे.

क्रमांकांची युक्ती

शांत रस्त्यांच्या जाळ्याची कल्पना ह्यूगो बोलन यांची. ते व्यवसायाने खाण-अभियंता. पूर्वीची पद्धत अशी, की एखादा सायकलमार्ग आखायचा, त्याला नाव द्यायचे, आणि स्वाराने प्रारंभापासून शेवटापर्यंत त्याच मार्गाने जायचे. बोलन यांनी मार्ग आखण्याऐवजी तिठे आणि चौफुल्या मोजल्या. दोन किंवा अधिक शांत रस्ते जेथे एकत्र येतात, त्या प्रत्येक ठिकाणाला क्रमांक द्यायचा आणि तेथून पुढच्या क्रमांकांकडे जाणाऱ्या दिशा फलकावर दाखवायच्या, एवढीच ही योजना. सायकलस्वाराने घरून निघताना चार-सहा आकडे कागदावर टिपून घेतले, की पुरे. थकवा आला तर वाटेतूनच जवळच्या क्रमांकाकडे वळता येते. हुरूप असला तर फेरी वाढविता येते. १९९५ मध्ये लिम्बुर्खात हे जाळे सुरू झाले. आज त्याची लांबी दोन हजार किलोमीटरच्या घरात आहे, आणि बेल्जियमचा उर्वरित फ्लेमिश प्रदेश व शेजारचे नेदरलँड्स यांनीही हीच पद्धत स्वीकारली आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील मर्म असे, की यासाठी नवे रस्ते फारसे बांधावे लागले नाहीत. शेतरस्ते होते, वनखात्याच्या वाटा होत्या, कालव्यांचे काठ होते. पुढे खाणींना जोडणाऱ्या जुन्या कोळसा-लोहमार्गाच्या काही भागावरही सायकलवाट झाली. म्हणजे समाजाने पूर्वी केलेली, पण विस्कळित पडून राहिलेली भांडवली गुंतवणूक केवळ फलक आणि क्रमांक यांनी सांधली गेली. अशा जाळ्यात प्रत्येक नव्या दुव्यामुळे आधीच्या सर्व दुव्यांची उपयुक्तता वाढते. पाच किलोमीटरचा एकाकी तुकडा फारसा कामाचा नसतो. तोच तुकडा जाळ्याचा भाग झाला, की त्याचे मोल पालटते.

असे असूनही हे काम खाजगी उद्योजकाने कधीच केले नसते. सायकलस्वाराकडून पथकर घेता येत नाही. लाभ होतो तो वाटेवरच्या खाणावळीला, मुक्कामाच्या घरांना आणि सायकल-दुरुस्तीच्या दुकानांना. खर्च एकाचा आणि प्राप्ती अनेकांची, अशी जेथे स्थिती असते तेथे सार्वजनिक संस्थेनेच पुढाकार घ्यावा लागतो. शिवाय रस्ते अनेक नगरपालिकांच्या हद्दींतून जात असल्याने त्या सर्वांची संमती मिळविणेही प्रांतिक यंत्रणेलाच शक्य होते. फलक जागेवर आहेत की नाहीत, हे पाहण्याचे काम मात्र पुष्कळ अंशी स्थानिक स्वयंसेवक करतात. देखभालीचा हा नित्याचा, अनाकर्षक भाग टिकला म्हणूनच जाळे टिकले. उद्घाटनानंतर विसरल्या गेलेल्या योजनांचा इतिहास पाहता याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही.

रस्ता काय करू शकत नाही

तथापि या यशाचे गोडवे गाताना प्रमाण सुटता कामा नये. बोक्रैक येथे २०१६ मध्ये तळ्याच्या मधून, पाणी नजरेच्या पातळीवर राहील अशी सुमारे २०० मीटरची सायकलवाट झाली. हेख्टेल-एक्सेल येथे २०१९ मध्ये झाडांच्या शेंड्यांकडे चढत जाणारी वर्तुळाकार वाट झाली. दोन्हींची छायाचित्रे जगभर गेली. परंतु छायाचित्रांनी रोजगाराची उणीव भरून निघत नाही. खाणीतील कामगाराला जिवाचा धोका होता, तसेच नियमित वेतन, संघटना आणि निवृत्तिवेतन हेही होते. खाणावळीतील हंगामी नोकरी त्याच्या नातवाला यांपैकी काय देऊ शकते, याचा विचार झाला पाहिजे.

खाणींना पर्याय म्हणून ज्या मोठ्या उद्योगाकडे बोट दाखविले जाई, त्या गेंक येथील फोर्ड मोटार कारखान्याची गतही बोधप्रद आहे. १९६० च्या दशकात आलेला हा कारखाना बंद करण्याची घोषणा ऑक्टोबर २०१२ मध्ये झाली आणि डिसेंबर २०१४ मध्ये तो बंद पडला. चार हजारांहून अधिक कामगारांचा रोजगार त्यामुळे थेट गेला. एकाच धंद्यावर विसंबलेला प्रांत दुसऱ्या एकाच धंद्यावर विसंबला, तर इतिहासाची पुनरावृत्ती होते. त्यानंतर विंटर्स्लाखच्या खाणीच्या आवारातील कलाकेंद्र, वाटरस्खाय येथील ऊर्जा-संशोधनाचे केंद्र, आइस्डेनच्या खाणीलगत प्रवेशद्वार असलेले, २००६ मध्ये खुले झालेले राष्ट्रीय उद्यान, अशा अनेक छोट्यामोठ्या आधारांवर भिस्त ठेवण्याचे धोरण अधिक शहाणपणाचे ठरले. सायकलचे रस्ते हा त्या आधारांपैकी एक आहे, आणि त्यांचे मूल्यमापन तेवढ्याच मर्यादेत व्हावयास हवे.

आणखी एक खर्च तर कधीच संपणारा नाही. खाणकामामुळे जेथे जमीन खचली आहे, तेथे सखल भाग पाण्याखाली जाऊ नये म्हणून आजही पंप चालू ठेवावे लागतात. वर सायकलस्वार निश्चिंतपणे जात असतो. खाली खाणींची जुनी देणी चालूच असतात.

वर्धा खोऱ्यासाठी

या अनुभवाचे महाराष्ट्राशी नाते आहे ते एवढ्यापुरतेच, की चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील कोळसापट्ट्यालाही हाच प्रश्न एक दिवस भेडसावणार आहे. भारतात २००९ पासून खाण बंद करण्याचा आराखडा आधीच करणे आणि त्यासाठीची रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवणे कोळसा कंपन्यांना बंधनकारक झाले. नियम चांगला आहे. पण आराखडा खाणीच्या कुंपणापाशी थांबला, तर गावांचे प्रश्न कुंपणाबाहेरच राहतील. कोळशाच्या ट्रकांनी जे रस्ते उखडले, ते पुढे कोणाचे? नदीनाल्यांच्या कडेला उभे राहिलेले मातीचे ढिगारे कोण सांभाळणार? वर्धेच्या उन्हात लिम्बुर्खची नक्कल करून सायकलमार्ग आखण्याने ही उत्तरे मिळणार नाहीत. खाण चालू असतानाच गावोगावचे रस्ते, पाणी आणि जमीन यांची मोजदाद करणे, त्यांची मालकी ठरविणे आणि खाणीच्या उत्पन्नातूनच त्यांच्या पुढील देखभालीची सोय करून ठेवणे, हा लिम्बुर्खच्या अनुभवाचा घेण्याजोगा भाग होय. तेथे हा विचार अखेरच्या खाणी बंद होण्याच्या सुमारास सुरू झाला. येथे अजून अवधी आहे, आणि तो वाया गेला तर त्याची किंमत खाणकंपनी देणार नाही. ती गावे देतील.