तांबडी शाई आणि वाक्यपृथक्करण

परीक्षा जवळ आली कीं निबंधाच्या वह्या तांबड्या शाईनें रंगूं लागतात. ज्या वहींत तांबडें अधिक, त्या मुलाचें मराठी वाईट, असा सरळ हिशेब चालतो. बीड जिल्ह्यांत हा हिशेब खोट्या वजनांवर चालला आहे, असें आम्हांस स्पष्ट म्हणणें भाग आहे.

समजा, मुलानें लिहिलें, 'बाप शेतांत काम करायला.' शेरा ठरलेला : वाक्य अपूर्ण. कारण ग्रंथांच्या मराठींत 'करायला' हें रूप हेतु दाखवितें, तेवढ्यानें वाक्य पुरें होत नाहीं. परंतु हाच मुलगा पुढें लिहितो, 'आई भाकरी करायली', 'गडी ऊस तोडायले'. कर्त्याचें लिंग बदललें, वचन बदललें, तसें रूपही बदललें. उद्देश्य आहे, विधेय आहे, दोहोंचा मेळ आहे. मग अपूर्ण काय राहिलें? हा आमच्या बोलीचा चालू वर्तमानकाळ आहे. मुलास व्याकरण येतें. ग्रांथिक रूप तेवढें येत नाहीं. 'बोलतांना करायला, लिहितांना करीत आहे' एवढें सांगितल्यानें काम भागतें. वाक्यच चूक ठरविलें तर मूल आपल्या आईची भाषाच चूक समजतें आणि पुढें लिहिण्यासच भितें.

आतां दुसरें वाक्य पाहा : 'शाळा बुडाली म्हणून गुरुजींनीं सांगितलें तें समजलें नाहीं म्हणून नापास झालों.' ह्रस्वदीर्घ निर्दोष, तेव्हां तांबडी शाई येथें थांबत नाहीं. पण 'शाळा बुडाली' हें गुरुजींचें सांगणें, कीं न समजण्याचें कारण? मुख्य वाक्य कोणतें, गौण कोणतें? खरा दोष येथें आहे, आणि तोच सुटतो. आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं म्हणतात तो हाच प्रकार!

१९६२ सालच्या लेखननियमांनीं मराठींतील कितीतरी अनुस्वार गेले. त्यामुळें कोणाचें वाक्य मोडलें नाहीं. वाक्याची रचना मोडली तर मात्र अर्थच मोडतो. व्यापाऱ्यांस हें सांगणें नको. 'माल पाठविला तो पोंचला नाहीं म्हणून पैसे दिले ते परत पाठवावे' अशा पत्रावरून कोणी कोणास काय द्यावयाचें, हें कोणता मुनीम सांगेल?

कोणी म्हणेल, येथील मराठी मुळांतच अशुद्ध. ज्या अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधि दाखवितात, जेथील दासोपंतांनीं कापडावर पासोडी लिहिली, त्या भूमीस हें ऐकविणें धाडसाचें आहे. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालीं निघालें, मोरो केशव दामल्यांचें १९११ सालीं. पण १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामी राज्यांत होता. दरबार उर्दूचा, आणि १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच. लेखी मराठीचा सराव येथें उशिरां सुरू झाला, यांत मुलांचा अपराध कोणता?

आजही दसरा-दिवाळीच्या सुमारास सहस्रावधि कुटुंबें ऊसतोडीस जातात आणि त्यांतील अनेकांचीं मुलें कित्येक महिने शाळेस मुकतात. परतलेल्या मुलाचे हातीं तांबड्या शेऱ्यांनीं भरलेली वही देणें हें शिक्षण नव्हे.

परीक्षेस बोली चालत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. ग्रांथिक मराठी शिकविलीच पाहिजे. म्हणूनच आमचें मागणें आहे कीं, शिक्षकांनीं प्रत्येक आठवड्यास मुलांच्याच निबंधांतील पांच वाक्यें, नांव न सांगतां, फळ्यावर घ्यावीं आणि मुलांकडूनच उद्देश्य, विधेय, मुख्य व गौण वाक्यें वेगळीं करवावीं. पहिल्या वाचनांत वाक्यरचनाच तपासावी. ह्रस्वदीर्घ दुसऱ्या वाचनांत. बोलीचें रूप आढळलें तर खालीं रेघ ओढून शेजारीं ग्रांथिक रूप लिहावें. फुली मारूं नये. यास पैसा लागत नाहीं, शासनाचा हुकूमही लागत नाहीं. पालकांनींही वहींतील तांबड्या खुणा मोजण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा : माझ्या मुलास काय म्हणावयाचें होतें, आणि तें त्याच्या वाक्यांतून कळलें काय?