संगणकाच्या पेटीची पारख

व्यापाऱ्याच्या घरात पारख ही वडिलोपार्जित विद्या मानली जाते. तांदळाच्या पोत्यात सळई खुपसून ओंजळीत आलेले चार दाणे दाताखाली धरावेत आणि मालाचा भाव सांगावा, कापड उलटे करून विणीचा अंदाज घ्यावा, सोने कसावर घासून पाहावे, हे सारे पिढ्यानुपिढ्या चालत आले आहे. मात्र गल्ल्याशेजारी ठेवलेल्या ज्या लोखंडी पेटीत आज वर्षाची खाती, उधारी आणि जीएसटीची विवरणे साठवलेली असतात, तिची खरेदी बहुधा चित्र पाहून अथवा केवळ किंमत ऐकून होते. बाजारात या पेटीला कॅबिनेट म्हणतात. पुष्कळ घरांत तिलाच सीपीयू म्हणण्याची पद्धत पडली आहे. नाव कोणतेही असो, पारख मात्र तिच्या वाट्याला क्वचितच येते.

या खरेदीच्या वेळी घरोघरी होणारा मतभेदही सारखाच असतो. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला एका बाजूस संपूर्ण काच असलेली, आत रंगीत दिवे फिरणारी पेटी हवी असते. वडिलांना सर्वांत स्वस्त काळा डबा पुरेसा वाटतो. मुलाच्या लेखी पेटीचे रूप म्हणजे शोभा, वडिलांच्या लेखी रूप म्हणजे अनाठायी खर्च. रूपाचा उपयोगाशी संबंध नाही, असे दोघांनीही मनोमन धरलेले असते. वस्तुतः हवा कोठून आत जाईल, धूळ कोठे अडेल, हात कोठे लागेल आणि कीटकाला वाट कोठे मिळेल, हे सारे पेटीच्या बाह्यरूपावरूनच ठरते.

वस्तूच्या रूपाची पारख कशी करावी, याचा उत्तम वस्तुपाठ आपल्या घरातील साध्या लोट्यावरून घालून दिला गेला आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन रचनाकार दांपत्य या देशात आले आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल सादर केला. भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांनी लोट्याला विशेष मान दिला. लोट्यात किती पाणी मावावे, तो हातात न्यायचा की कमरेवर, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, आतून स्वच्छ करता येतो का, किंमत किती आणि मोडीत काय मिळेल, अशा प्रश्नांची मालिकाच त्यांनी मांडली. या अहवालातून प्रेरणा घेऊन १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तिच्या उभारणीत गौतम आणि गिरा साराभाई या जैन उद्योगी घराण्यातील भावंडांचा मोठा वाटा होता. म्हणजे अशी पारख समाजाला परकी नाही. तीच प्रश्नमालिका आता कॅबिनेटला लावावयाची आहे.

प्रश्न लावण्यापूर्वी पेटी कोठे ठेवली जाणार, हे पाहिले पाहिजे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. शहराच्या आसपास कोळशाच्या खाणी, २९२० मेगावॅटचे महाऔष्णिक विद्युत केंद्र आणि घुग्गुस, राजुरा, गडचांदूर या पट्ट्यातील सिमेंटचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली चंद्रपूरची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली होती. पूर्वेकडे मूल, ब्रह्मपुरी, देसाईगंज या धानाच्या प्रदेशात भातगिरण्यांचा कोंडा आणि तूस हवेत तरंगतात. त्यापलीकडे गडचिरोलीचे अरण्य, दीर्घ पावसाळा, दमट हवा आणि सायंकाळी दिव्यावर झेपावणारे कीटक. मुंबईच्या वातानुकूलित कार्यालयात शोभणारी पेटी येथे निभावेलच असे नाही.

समोरचा भाग

पेटीतील पंखा खोलीतील हवा आत ओढतो, ती थंड करीत नाही. दुकानावर पत्र्याचे छप्पर असेल आणि आत ४० अंश उष्णता असेल, तर पेटीतील भाग त्याहून अधिकच तापणार. म्हणून येथे हवेच्या मार्गात जराही अडथळा परवडत नाही. समोर अखंड काच किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत पत्रा असेल आणि हवेसाठी कडेला केवळ बोटभर फट ठेवलेली असेल, तर पंखे गरगर फिरतात आणि आवाज वाढतो, पण हवा पुरेशी येत नाही. समोर बारीक छिद्रांची धातूची जाळी असलेली पेटी या प्रदेशासाठी अधिक योग्य.

मोठ्या कंपन्यांनाही हा धडा किंमत मोजून शिकावा लागला आहे. ॲपल कंपनीने २०१३ साली व्यावसायिकांसाठी एक देखणा, काळा, दंडगोलाकार संगणक आणला. त्या आटोपशीर आकारात अधिक शक्तिशाली भागांची उष्णता सामावणे अवघड झाले आणि २०१७ साली कंपनीच्या धुरीणांनी पत्रकारांपुढे ही मर्यादा मान्य केली. २०१९ साली आलेल्या पुढच्या आवृत्तीचा संपूर्ण दर्शनी भाग मोठ्या छिद्रांच्या जाळीचा होता.

जाळीची परीक्षा दुकानातच करता येते. मोबाइलचा टॉर्च जाळीमागे धरावा. प्रकाश जितका मोकळेपणाने बाहेर येईल तितकी हवेची वाट मोकळी. पेटी चालू करून समोर पातळ कागद धरल्यास तो जाळीला चिकटला पाहिजे. त्यानंतर जाळीच्या आतील गाळणी, म्हणजे डस्ट फिल्टर, पाहावी. ती स्क्रू न खोलता एका हाताने निघते का? पेटीच्या तळाची गाळणी समोरून किंवा बाजूने ओढता येते का, की त्यासाठी पेटी भिंतीपासून हलवावी लागते? काढण्यास अवघड असलेली गाळणी कोणी धूत नाही, आणि न धुतलेली गाळणी म्हणजे पेटीच्या तोंडावर बांधलेले जाड फडकेच.

हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांहून थोडे अधिक असावेत. त्यामुळे पेटीत हवेचा दाब किंचित जास्त राहतो आणि हवा फटींमधून बाहेर जाते. दाब उलटा असेल तर प्रत्येक फटीतून न गाळलेली धूळ आत येते. कोळशाच्या गावी हा फरक दोन-तीन महिन्यांतच डोळ्यांना दिसतो.

काच आणि दिवे

बाजूच्या काचेविषयी आकस बाळगण्याचे कारण नाही. घरातील अभ्यासाच्या मेजावर ठेवलेल्या पेटीला ती शोभते, आणि आत साचलेली धूळ तिच्यातून वेळीच दिसते, हा तिचा खरा गुण. तथापि, कडक केलेली ही काच मध्यभागी बराच भार सोसत असली तरी कडेवर, विशेषतः फरशीवर टेकताना बसलेल्या छोट्या आघाताने तिचा क्षणात चुरा होतो. नागपूरहून आणलेली पेटी पुढे आलापल्ली किंवा सिरोंच्याच्या रस्त्याने जाणार असेल, तर काच काढून वेगळी गुंडाळून न्यावी. दुकानात मेजाखाली ठेवायच्या पेटीला काच घेणे म्हणजे पाठीमागच्या भिंतीला आरसा लावण्यासारखे आहे.

रंगीत दिव्यांना वीज फारशी लागत नाही. त्यांच्याबाबतचा विचार निराळ्या कारणाने करावा लागतो. पावसाळ्याच्या संध्याकाळी या वनप्रदेशात कीटक प्रकाशाकडे धाव घेतात आणि निळ्या-पांढऱ्या प्रकाशाकडे विशेष ओढले जातात. पेटीत असा प्रकाश लावावा, बाजूला फटी ठेवाव्यात आणि आत पंखे फिरत असावेत, म्हणजे कीटकांसाठी सापळाच मांडल्यासारखे झाले. चातुर्मासात सायंकाळच्या दिव्याबाबत जे घर इतका विवेक पाळते, त्या घराने या दिव्यांबाबतही तो पाळावा. बहुतेक पेट्यांतील दिवे बंद करता येतात. खरेदीपूर्वी तशी कळ आहे की नाही, हे पाहून घ्यावे.

पत्रा, फटी आणि पाय

पेटीच्या बाजूचा पत्रा अंगठ्याने दाबून पाहावा. अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ पत्रा आत दबतो आणि पंख्याच्या कंपनाने थरथरतो. पाऊण मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा स्थिर राहतो. आतील कडा दुमडलेल्या असाव्यात, नाहीतर साफसफाई करताना बोट कापते. पेटी दोन्ही हातांनी तिरपी उचलून पाहावी. सांगाडा पिळवटला तर ती नाकारावी.

मागील बाजूस कार्डांसाठी आडव्या पट्ट्या असतात. स्वस्त पेट्यांत त्या तोडून काढाव्या लागतात आणि एकदा तोडलेली पट्टी पुन्हा बसत नाही. त्या रिकाम्या खाचेतून झुरळ आणि पाल उबेसाठी आत शिरतात. मग त्या जिवाचाही अंत होतो आणि कधीकधी संगणकाचाही. स्क्रूने बसवता येणाऱ्या पट्ट्यांची पेटी थोडी महाग पडते, पण जीवदया आणि व्यवहार दोहोंच्या दृष्टीने तीच योग्य.

पेटीचे पाय दोन-अडीच सेंटिमीटर तरी उंच असावेत, कारण बहुतेक पेट्यांत एसएमपीएस तळातून हवा घेतो. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या किंवा रोज पुसल्या जाणाऱ्या फरशीवर एवढी उंचीही पुरत नाही. येथे सागवानाची वाण नाही. सुताराकडून वीतभर उंचीचा, मधोमध मोकळा असलेला छोटा चौरंग करून घ्यावा. पेटी धातूची असल्याने दुकानात अर्थिंग पक्के असणे अत्यावश्यक आहे. तीन पिनांची प्लग दोन पिनांत बसवण्याची सवय घातक ठरू शकते.

पेटीची जागा आणि जतन

वरच्या बाजूस जाळी असलेल्या पेटीवर बहीखाते, पावतीपुस्तक किंवा चहाचा कप ठेवला जाण्याचा संभव असेल, तर वरून बंद असलेली पेटी निवडावी. पेटी मेजाखाली राहणार असेल तर पेन ड्राइव्हच्या खाचा आणि चालू करण्याची कळ वरच्या कडेला असणे सोयीचे. मेजावर राहणार असेल तर समोर. दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी संगणकालाही कुंकू आणि अक्षता वाहण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. तो मान बंद पत्र्यावर द्यावा, जाळीवर नव्हे. कुंकवाची पूड पंख्याबरोबर थेट आत जाते.

गाळणी पंधरवड्यातून एकदा आणि पेटी चातुर्मासापूर्वी एकदा आतून साफ करावी. प्रथम प्लग काढावी. फुंकर मारण्याआधी किंवा ब्लोअर लावण्याआधी आत एखादा जीव नाही ना, हे पाहून पुंजणीसारख्या मऊ कुंचल्याने हळुवार झटकावे. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, म्हणजे ते वाऱ्याने उलटे फिरत नाही.

राहिला ईम्स दांपत्याचा शेवटचा प्रश्न: किंमत काय आणि उरते काय? इंटेल कंपनीने १९९५ साली एटीएक्स नावाचे माप ठरवून दिले आणि मदरबोर्डाची जागा, छिद्रे व मागील बाजूची रचना त्याप्रमाणे होऊ लागली. त्यामुळे आजची सुबक पेटी पाच-सहा वर्षांनी नवा मदरबोर्डही सामावून घेऊ शकते. आतील भाग जुने होतात, चांगला सांगाडा टिकतो. स्वस्त डबा दर खेपेला भंगारात जातो, हा खर्च वडिलांनी हिशेबात धरावा. काचेच्या आणि दिव्यांच्या वाढीव किमतीत उत्तम जाळी व एक जादा पंखा येतो, हे मुलाने ध्यानात घ्यावे. असा हिशेब एकत्र बसून मांडला की घरातील वाद बहुधा तेथेच मिटतो, आणि ऐन मे महिन्याच्या दुपारी दुकानाची खाती उघडायला अडचण येत नाही.