मोत्यालाही न्यायचंय ना?

दोस्तांनो, समजा एके दिवशी आई ऑफिसातून पेढे घेऊनच घरी येते आणि सांगते, "माझी बदली जर्मनीला झाली! आता तीन वर्षं आपण सगळे तिकडे." झालं! घरात एकच गडबड उडते. बाबा बॅगा मोजायला लागतात, आजी विचारते, "तिकडे ज्वारीचं पीठ मिळतं का गं?" आणि दाराशी बसलेला मोत्या शेपूट हलवत एकेकाच्या तोंडाकडे बघत राहतो.

त्याचं काय करायचं?

बऱ्याच घरांत हा प्रश्न अगदी शेवटी निघतो, तिकिटं काढून झाल्यावर. तेव्हा मात्र फार उशीर झालेला असतो. कारण लस आणि चिप यांपासून सुरुवात करायची असेल, तर भारतातून युरोपीय संघातल्या देशात कुत्रा किंवा मांजर न्यायला कमीत कमी चार महिने लागतात. पैसे जास्त दिले म्हणून हे महिने कमी होत नाहीत, बरं का!

एवढा वेळ कशाला? याचं उत्तर आहे रेबीज. कुत्रा पिसाळतो म्हणतो ना आपण, तोच हा रोग. एकदा लक्षणं दिसू लागली की माणूस काय नि कुत्रा काय, वाचणं जवळपास अशक्यच. जर्मनीनं तो हटवायला खूप कष्ट घेतले. तिथे कोल्ह्यांमधून तो पसरायचा. मग १९८३ पासून कोल्ह्यांसाठी लस घातलेलं आमिष जंगलात टाकायला सुरुवात झाली, पुढे तर ते विमानांतूनही टाकलं. अखेर २००८ मध्ये तो देश जमिनीवरच्या प्राण्यांतल्या रेबीजपासून मुक्त झाला. इतक्या मेहनतीनं घालवलेला पाहुणा मोत्याच्या पाठोपाठ परत यावा, असं त्यांना कसं वाटेल?

आता मोत्याच्या तयारीच्या पायऱ्या बघू. यांचा क्रम मात्र चुकवायचा नाही.

पहिली पायरी : चिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप डॉक्टर सुईनं मोत्याच्या खांद्यांमध्ये, कातडीखाली बसवतात. तिच्यात बॅटरी नसते. वाचक यंत्र जवळ नेलं की तिच्यातला १५ आकडी नंबर यंत्रावर दिसतो. मोत्या हरवला तर तो कुठे आहे हे काही ती सांगत नाही. 'हा मोत्याच आहे' एवढंच सांगते.

दुसरी पायरी : रेबीजची लस. पिल्लू निदान १२ आठवड्यांचं हवं. आणि इथेच पुष्कळ लोक फसतात. लस चिप बसवल्यावर किंवा त्याच दिवशी दिलेली असेल, तरच ती धरतात. "पण आम्ही तर दरवर्षी देतो!" असं म्हणून चालत नाही. चिप नसताना दिलेली लस याच कुत्र्याला दिली, हे कशावरून? मग चिप बसवून लस पुन्हा द्यावी लागते.

तिसरी पायरी : रक्ततपासणी. लशीनंतर निदान ३० दिवसांनी रक्त घेतात आणि युरोपीय संघानं मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवतात. रेबीजशी लढणारी प्रतिद्रव्यं रक्तात पुरेशी तयार झाली का, हे तिथे मोजतात. एका मिलिलिटरला निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक, ही झाली पास होण्याची रेघ.

चौथी पायरी : थांबणं. रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने. रेबीजचे विषाणू शरीरात शिरले, तरी आजार दिसायला कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात. मोत्याला आधीच लागण झाली असेल, तर ती बहुधा या काळात उघड होते.

म्हणजे बघा, १ जानेवारीला चिप आणि लस, ३१ जानेवारीला रक्त, आणि विमान मे महिन्यात!

शेवटच्या दिवसांत सरकारी पशुवैद्यांचा आरोग्य दाखला घ्यायचा. तो दिल्यापासून १० दिवसांच्या आत मोत्यानं तिकडे पोचायला हवं. शिवाय आपल्याकडच्या प्राणी संगरोध कार्यालयाची परवानगीही लागते. मनीमाऊ न्यायची असेल, तरी पायऱ्या याच. दुसऱ्या देशांचे नियम मात्र वेगळे. जपानमध्ये रक्त घेतल्यापासून १८० दिवस थांबावं लागतं आणि ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट आलेला कुत्रा घेतच नाही.

ही सगळी कामं मोठ्यांची. पण एक काम मोठ्यांपेक्षा तुम्हालाच छान जमेल. ते म्हणजे मोत्याची पिंजऱ्याशी दोस्ती करून देणं. पिंजरा असा हवा, की त्यात त्याला नीट उभं राहता येईल, वळता येईल आणि पाय पसरून झोपता येईल. तो आधीच घरी आणा. पहिले काही दिवस दार उघडंच ठेवा. आत त्याची जुनी चादर घाला, जेवणाची वाटी ठेवा. तो आपण होऊन आत झोपायला लागला, की दार एक मिनिट लावा, मग पाच मिनिटं, मग अर्धा तास. ओढून-ढकलून कधीच कोंडू नका. घाबरू नये म्हणून झोपेची गोळी द्यावी, असंही काहींना वाटतं. तसं करू नका. विमानात तिच्यामुळे श्वासाला आणि तोल सांभाळायला त्रास होऊ शकतो. पग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या प्राण्यांना श्वासाचा त्रास आधीच असतो. त्यांच्याबद्दल डॉक्टरांशी आणि विमान कंपनीशी आधी बोलायलाच हवं.

आणि मोत्या खूप म्हातारा किंवा आजारी असेल तर? मग कदाचित त्याला न नेणंच बरं. रडू येईल, यायलाच हवं. पण मग त्याच्यासाठी घर शोधायचं, आजोळचं किंवा ओळखीतलं, आणि तेही सवय व्हावी म्हणून वेळेवर. सोसायटीच्या फाटकाबाहेर त्याला सोडून जाणं हा उपाय नव्हे. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर जगता येत नाही. तो तिथेच फाटकाशी तुमची वाट बघत बसतो.

म्हणून पेढा तोंडात टाकण्याआधी तुम्हीच विचारा, "आणि मोत्याची चिप कधी बसवायची?" आईबाबांनो, तुम्हीही ऐकताय ना?

या आठवड्याचं कोडं : मनीला १० जूनला चिप बसवली आणि त्याच दिवशी लस दिली. लवकरात लवकर रक्त कधी घेता येईल आणि ती जर्मनीला कधी जाऊ शकेल?

(उत्तर : रक्त १० जुलैला, प्रवास १० ऑक्टोबरपासून पुढे.)