शेठला जमत नाही, म्हणून आपल्याला जमेल?

जुना शेठ गेला, गादीवर मुलगा बसला आणि कारखान्याची घडी विस्कटली, ही तक्रार यंत्रमागाच्या गावांत नवी नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, कुठल्याही चहाच्या गाड्यावर दहा मिनिटे उभे राहा, ती कानावर येतेच. सुताचा भाव चढला की नवा शेठ खरेदीला निघतो, उतरला की हात आखडतो. मागाचा पट्टा तुटला तर दोन दिवस नवा मिळत नाही. ताका डागी निघाला तर दोष जॉबरचा, चांगला निघाला तर हुशारी शेठची. पंधरा-वीस वर्षे माग दुरुस्त करण्यात घालवलेला जॉबर मग रात्री घरी हिशेब मांडू लागतो. चार जुने माग घेऊ, एक शेड भाड्याने घेऊ, व्यापारी तर आपल्यालाच ओळखतात.

हा विचार गैर नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यासमोर दुकान मांडू नये, असा उपदेश करणारे वडीलधारे प्रत्येक मोहल्ल्यात असतात. त्यांचा मान राखूनही म्हणावे लागते की पगार हा केलेल्या कामाचा मोबदला असतो, उरलेल्या आयुष्याची किंमत नव्हे. कायदाही कारागिराच्या बाजूचा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे एखाद्याला धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल ठरतो. ‘नोकरी सोडल्यावर हा धंदा करणार नाही’ असे शेठने कागदावर लिहून घेतले तरी ते कोर्टात टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हे पुन्हा स्पष्ट केले आहे. नोकरी चालू असतानाची गोष्ट मात्र वेगळी. कल्याणच्या एका कारखान्यातील नोकर पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून दुसऱ्या कारखान्यात गेला, तेव्हा १९६७ साली याच न्यायालयाने त्याला मुदत संपेपर्यंत अडवले होते.

तेव्हा खरा प्रश्न परवानगीचा नाही. पुढचे सूत कोणाच्या पैशाने येणार, हा आहे.

या बाबतीत अमेरिकेतील एक प्रसिद्ध किस्सा आमच्या कारागीर बंधूंनी ऐकण्यासारखा आहे. विल्यम शॉकली या शास्त्रज्ञाला ट्रान्झिस्टरच्या शोधासाठी दोघा सहकाऱ्यांसह १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास त्याने बेकमन नावाच्या उद्योगपतीच्या पैशावर कॅलिफोर्नियात प्रयोगशाळा काढली आणि देशभरातून हुशार तरुण वेचून आणले. डोके अफाट, पण माणसे सांभाळण्यात शून्य. किरकोळ प्रकारावरून संशय घेऊन नोकरांना खोटे पकडणाऱ्या यंत्रासमोर बसवण्याची भाषा करायचा. हातातले काम सोडून भलत्याच वस्तूच्या मागे लागायचा. त्याचे आठ सहकारी आधी बेकमनकडे गेले आणि दुसरा कारभारी नेमा म्हणाले. बेकमनने शेवटी शॉकलीचीच बाजू घेतली. तरी या आठांनी लगेच राजीनामे फेकले नाहीत. आधी भांडवल शोधले. तीसेक कंपन्यांनी नकार दिल्यावर शर्मन फेअरचाइल्ड नावाचा धनी भेटला, आणि सप्टेंबर १९५७ मध्ये आठही जण एकदम बाहेर पडले. नव्या कंपनीला पहिली ऑर्डर आयबीएमची मिळाली, ती अवघ्या शंभर नगांची. शॉकलीची प्रयोगशाळा १९६० मध्ये विकली गेली. तिने कधी नफा पाहिला नाही.

हा किस्सा सांगणारे बहुधा इथेच थांबतात. आम्हाला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. पैसा फेअरचाइल्डचा होता आणि ठरलेल्या किमतीला सगळी कंपनी विकत घेण्याचा हक्क त्याने करारात राखून ठेवला होता. १९५९ मध्ये त्याने तो वापरला. आठांना चांगली रक्कम मिळाली, पण दोनच वर्षांत ते पुन्हा नोकर झाले. हळूहळू सगळे तिथूनही निघाले. त्यांतल्या नॉइस आणि मूर या दोघांनी १९६८ मध्ये जी कंपनी काढली, ती इंटेल.

आता आपल्या जॉबरकडे वळू. त्याला शेठच्या चुका दिसतात, कारण त्या मागावर दिसतात. शेठची उधारी त्याला दिसत नाही. मुलगा कितीही बावळट असला तरी बापाच्या नावावर सुताचा व्यापारी महिनाभर थांबतो. कापड घेणारा दोन-दोन महिने पैसे देत नाही. मधल्या काळात कामगारांचा पगार वेळेवर द्यावा लागतो आणि विजेचे बिल कोणासाठी थांबत नाही. हे ओझे तो बावळट मुलगाच उचलत असतो. जॉबर स्वतंत्र झाला की पहिल्या महिन्यातच ते त्याच्या डोक्यावर येते, आणि त्याच्या नावावर कोणी सूत देत नाही.

मग उरतो खर्चीवाल्याचा मार्ग. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, आपली फक्त पिकावर मजुरी. सुतात पैसा अडकत नाही, म्हणून सुरुवातीला हा मार्ग वाईट नाही. इचलकरंजीत कित्येकांनी तो धरला आहे. पण मंदी आली की व्यापारी आधी मजुरी कापतो, मग बीम देणे बंद करतो. एका शेठची चाकरी सोडून दुसऱ्याची धरली, एवढाच फरक, आणि या दुसऱ्याकडे पगारही नाही. म्हणून एकाच व्यापाऱ्यावर सगळे माग चालवू नयेत. चारांपैकी एक माग तरी स्वतःच्या सुतावर चालेल इतकी रक्कम जमेपर्यंत नोकरी सोडण्याची घाई करू नये, असे आमचे मत आहे. नातेवाइकाचे भांडवल आणि आपली मेहनत अशी मुदारबत होत असेल तर उत्तमच, मात्र नफ्याचा वाटा आधी लिहून ठेवावा. भागीदारी असेल तर फर्मची नोंदणी करावी. नोंदणी नसलेल्या फर्मला बुडीत पैशासाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. उद्यम नोंदणीही आधीच करून घ्यावी. लहान उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर मुदतीत न दिलेली रक्कम त्याला त्या वर्षीच्या खर्चात दाखवताही येत नाही.

निघताना हातातले कसब आपले, ते खुशाल न्यावे. शेठची वही, त्याच्या डिझाइनचे नमुने, भावाचे कागद त्याचे. त्याच्या पगारावर असताना त्याच्याच व्यापाऱ्याशी आतून बोलणी करणे आम्हाला मान्य नाही, बाजारात ते लपतही नाही. आपण जातो आहोत हे तोंडावर सांगावे आणि ठरलेली नोटीस द्यावी. दहा किंवा अधिक माणसांच्या कारखान्यात सलग पाच वर्षे झाली असतील तर दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची ग्रॅच्युइटी मागावी. एकाच शेडमध्ये भावा-भावजयांच्या नावाने तीन कारखाने दाखवण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून हजेरी आणि पगाराचे कागद राजीनाम्याआधीच गोळा करून ठेवावेत.