भोपळ्याचें पुस्तक कोठें संपावें?

सप्टेंबर महिना उजाडला कीं अमेरिकेंतील प्राथमिक शाळांत व ग्रंथालयांत एका विशिष्ट जातीचीं पुस्तकें मांडून ठेवण्याची चाल आहे. तीं राजाराणीच्या गोष्टींचीं नव्हेत. भोपळ्याचें बीं कसें रुजतें, वेल कसा पसरतो, झाडांचीं पानें तांबडीं-पिवळीं कां होतात, हें त्यांत मोठ्या रंगीत चित्रांनीं व थोडक्या शब्दांनीं सांगितलेलें असतें. यांपैकीं कांहीं पुस्तकें आतां आपल्याकडील घरांतही येऊं लागलीं आहेत. कोणाचा मामा परदेशाहून धाडतो, कोणी दुकानांतून मागवितो. तेव्हां आपल्या मुलांनीं हीं वाचावीं काय, आणि वाचावयाचीं तर निवड कशी करावी, याविषयीं आमचें मत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें. तें मत थोडक्यांत हें कीं, अशा पुस्तकाचें मुखपृष्ठ पाहण्याआधीं शेवटचें पान पाहावें.

पहिल्या पानांविषयीं आमची तक्रार नाहीं. उलट कौतुकच आहे. जीन टिदरिंग्टन यांच्या १९८६ सालच्या 'पम्पकिन पम्पकिन' या पुस्तकांत एक लहान मुलगा बीं पेरतो, आणि पानागणिक बियाचा कोंब, कोंबाचा वेल, वेलाला फूल, फुलाचें फळ असें होत जातें. शब्द इतके थोडे कीं नुकतें वाचूं लागलेलें मूलही तें एका बैठकींत संपवील. चित्रें मात्र रंगीत पेन्सिलींनीं मोठ्या सबुरीनें काढलेलीं आहेत. अखेरीस तो मुलगा भोपळा कोरतो आणि सहा बिया पुढल्या वसंतांतील पेरणीसाठीं जपून ठेवितो. गेल गिबन्स बाईंचें 'द पम्पकिन बुक' (१९९९) याहून माहितीनें अधिक भरलेलें आहे. भोपळ्याच्या जाती, पेरणी, मशागत, सणाचे दिवस, कोरण्याची कृति हें सर्व त्यांत चितारलें आहे.

अशा पुस्तकांतील सर्वांत मोलाचें पान आमच्या मतें फुलाचें. परसांत वेल असलेल्या घरांतील मोठीं माणसेंही पुष्कळदां विचारतात कीं, एवढीं फुलें आलीं आणि भोपळे दोनच कसे? त्याचें उत्तर चांगल्या चित्रांत एका दृष्टिक्षेपांत मिळतें. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर फुलें व मादी फुलें वेगवेगळीं येतात. नर फुलें बहुधा आधीं येतात व संख्येनेंही अधिक असतात. त्यांचा देंठ लांब व सडपातळ असतो. मादी फुलाच्या पाकळ्यांखालीं इवलासा भोपळा जन्मतःच बसलेला असतो. फूल पहाटे उमलतें आणि दुपारच्या आंत मिटतें. तेवढ्या वेळांत कोणा माशीनें नराचे पराग मादींत नेले तर तो इवलासा भोपळा वाढीस लागतो, नाहीं तर पिवळा पडून गळून जातो. अमेरिकेंत या कामास वाहिलेली भोपळ्याची एक खास मधमाशीच आहे. ती पोळें बांधीत नाहीं, जमिनींत बीळ करून राहते. आणि तिच्या जातीचे नर दुपारीं मिटलेल्या फुलांत झोंपतात. हें ऐकून जें मूल दुसऱ्या दिवशीं एकादें मिटलेलें फूल उघडून पाहणार नाहीं, तें मूलच नव्हे! (आपल्याकडे ती माशी नाहीं, हें मात्र त्यास आधीं सांगून ठेवावें.)

येथवर सर्व ठीक. पण फळ पिकलें कीं पुष्कळ पुस्तकें घाईनें आटोपतात. ३१ ऑक्टोबरची रात्र येते. भोपळा पोखरून त्यास डोळे, नाक, दांत कोरतात, आंत दिवा ठेवितात, आणि त्या हंसऱ्या दिव्यावर पुस्तक मिटतें. (आयर्लंडांत असे दिवे पूर्वीं सलगमाचे करीत, ती चाल तेथील लोकांबरोबर अमेरिकेंत गेली, आणि तेथें कोरावयास भोपळाच अधिक सोयीचा ठरला.) दुसरीं कांहीं नोव्हेंबरच्या चवथ्या गुरुवारीं येणाऱ्या आभार मानण्याच्या सणापर्यंत जातात व भोपळ्याच्या पक्वान्नापाशीं थांबतात. आतां खरी गोष्ट अशी कीं, कोरलेला भोपळा थोड्याच दिवसांत खचूं लागतो. त्याचे दांत आंत वळतात, गालांवर काळे डाग पडतात, डोळ्यांतून पांढरी लव बाहेर येते. मूल दारांतून जातां-येतां हें रोज पाहत असतें. मग एके सकाळीं दिवा जागेवर नसतो. आणि तो कोठें गेला, हें त्याला ना घरांत कोणी सांगतें, ना पुस्तकांत.

कित्येक पालक म्हणतील, लहानग्यांस बुरशी आणि किडे कशाला दाखवावे? त्यांस किळस येईल. किळस मुलांपेक्षां मोठ्यांनाच अधिक येते, असा आमचा समज आहे. अंगणांत शेणकिडा दिसला कीं त्याच्यामागें रांगत कोण जातें, हें प्रत्येक आईस ठाऊक आहे. परंतु मुख्य मुद्दा किळसेचा नाहींच, खरेपणाचा आहे. म्हातारी भोपळ्यांत बसून लेकीच्या घरून परत येते, त्या आपल्या गोष्टीला कोणी खोटी म्हणत नाहीं. ती गोष्ट आहे, आणि भोपळ्यांत माणूस मावत नाहीं हें ऐकणाऱ्या मुलालाही कळतें. (२०२३ सालीं कॅलिफोर्नियांतील हाफ मून बे येथें तोललेला एक भोपळा सुमारें १,२४७ किलो भरला; तेव्हां म्हातारीची सोय अगदींच अशक्य होती असेंही नाहीं!) पण जें पुस्तक 'मी खरें तेंच सांगतों' असें म्हणून हातांत येतें, त्यानें अर्ध्यावर थांबणें निराळें. त्याच्यावर मुलानें विश्वास टाकलेला असतो.

सुदैवानें पुढें जाणारीं पुस्तकेंही आहेत. जॉर्ज लेव्हेन्सन यांचें 'पम्पकिन सर्कल' (१९९९) हें छायाचित्रांचें पुस्तक नांवाप्रमाणेंच वर्तुळ पुरें करतें. भोपळा मातीस मिळतो आणि बियांतून पुनः वेल निघतो. डेव्हिड श्वार्ट्झ यांनीं लिहिलेलें व ड्वाइट कून यांच्या छायाचित्रांनीं सजलेलें 'रॉटन पम्पकिन' (२०१३) याहून धीट आहे, कारण तें आरंभच दिवा विझल्यानंतर करतें. त्यांत पंधरा बोलणारे आहेत. भोपळा स्वतः बोलतो, उंदीर बोलतो, माशा बोलतात, बुरश्या बोलतात, गांडूळ बोलतें, आणि जो तो आपण या भोजनांतून काय उचलतों तें सांगतो. बुरशीनें बोलावें हें काटेकोर मनाच्या वाचकांस रुचणार नाहीं. आम्हांस त्यांत वावगें दिसत नाहीं. वाचा उसनी आहे, पण जें सांगितलें तें खरें आहे. माशी अन्नावर आपला रस ओकून तें पातळ करते व मग शोषून घेते, हें एकदां वाचलेलें मूल उघड्यावरची मिठाई मागण्यापूर्वीं क्षणभर विचार करील. आणि बुरशीच्या ज्या कुळांत १९२८ सालीं फ्लेमिंग यांस पेनिसिलिन सांपडलें, त्याच कुळांतील बुरशी सडक्या फळांवर वाढतात, हें कळल्यावर त्या हिरवट डागाकडे पाहण्याची दृष्टिही पालटते.

पानांच्या पुस्तकांसही हीच कसोटी लावावी. पुष्कळांत पानें तांबडीं होतात, मुलें ढीग करून त्यांत उड्या मारतात, आणि संपलें. बेट्सी माइस्ट्रो यांचें 'व्हाय डू लीव्ह्ज चेंज कलर?' (१९९४) मात्र कारणाशीं जातें. दिवस लहान व रात्री थंड होऊं लागल्या कीं पानांतील हिरवें द्रव्य मोडूं लागतें. पिवळा रंग नव्यानें येत नाहीं, तो हिरव्याखालीं झांकलेला होताच. मेपलचा तांबडा रंग मात्र बहुतांशीं त्याच दिवसांत पानांतील साखरेच्या साह्यानें नव्यानें बनतो. मग देंठाच्या बुडाशीं एक पातळ थर तयार होऊन पान सुटें होतें. वारा केवळ निमित्त. खालीं पडलेल्या पानांवर पुढें जे कामकरी येतात, ते भोपळ्याच्या पंगतींतलेच.

येथें भाषांतर करणाऱ्यांस एक विनंति आहे. 'ऑटम' या शब्दासाठीं शब्दकोशांत 'शरद' असें असतें, म्हणून तें तसेंच लिहूं नये. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक; पाऊस सरलेला, आकाश धुतलेलें, झाडें अजून हिरवींगार. आपल्याकडे पानगळ शिशिराची. आणि आपला साग पानें टाकतो तो बर्फाच्या भयानें नव्हे, पाण्याच्या टंचाईनें. 'शरदांत पानें लाल होतात' हें वाक्य वाचून मूल खिडकीबाहेर पाहील, तेव्हां त्यास एक तर पुस्तक चुकलेलें वाटेल, किंवा आपल्या दारचें झाड. दुसरें अधिक वाईट.

भोपळ्याला मात्र देशांतराची अडचण नाहीं. मेक्सिकोंतील ओआहाका प्रांतांतल्या एका गुहेंत भोपळ्याच्या सुमारें १०,००० वर्षांपूर्वींच्या बिया मिळाल्या आहेत. तांबडा भोपळा आपल्याकडे आला तो १४९२ नंतर, समुद्रमार्गें. (दुधी आपल्या देशांत त्याच्याहून पुष्कळ जुना.) अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांत जो भोपळा शिजवून डब्यांत भरतात, तो बहुतांशीं आपल्या तांबड्या भोपळ्याच्याच जातीचा असतो. म्हणजे तिकडील सणाचें पक्वान्न आणि आपल्या घरचे घारगे हीं नात्यानें भावंडेंच.

तेव्हां मराठींत असें एक पुस्तक कोणी कां लिहूं नये? त्याचें पहिलें चित्र उकिरड्याचें असावें. सडका भोपळा तेथें फेकला जातो, मृगाचा पाऊस पडतो, आणि कोणीं न पेरलेला वेल गोठ्याच्या छपरावर चढतो, हें खेड्यांतील मुलांनीं पाहिलेलेंच आहे. तोंपर्यंत आमच्या विद्यार्थ्यांनीं इतकें करावें: कांचेच्या बरणींत थोडी ओलसर माती व बियांसह भोपळ्याची एक फोड घालावी, झांकण बेताचें बसवावें, आणि रोज ठरल्या वेळीं बाहेरून पाहून चित्र काढून खालीं तारीख घालावी. झांकण मात्र उघडूं नये. बुरशीचे कण श्वासाबरोबर जाणें बरें नव्हे. महिन्याअखेर बरणी वडील माणसांकडून परसांत रिती करवून घ्यावी व चित्रांची वही पुढील अंकासाठीं आमच्याकडे आणून द्यावी. वहींतलें शेवटचें चित्र अर्धवट असलें तरी चालेल.